एकसष्ट टक्के

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला कॉम्प्युटरने एक फोटो ठेवून घ्यायला नकार दिला. फोटो साधाच होता, मंद्रूपहून आलेल्या एका शिक्षकाचा, पासपोर्टसाठीचा. हुस्नाने त्याच्या मागची हिरवट भिंत पुसून पांढरी केली होती, कानाजवळचे केस नीट कोरून घेतले होते, आणि सेव्ह केल्यावर मध्येच एक लहानशी चौकट उघडली. जागा नाही. तिने चौकट बंद केली आणि पुन्हा सेव्ह केलं, पुन्हा तेच. शिक्षक बाकावर बसून रुमालाने मान पुसत होता. तिने फोटो पेन ड्राइव्हवर घेतला, छापून दिला, तो गेला. सी ड्राइव्हच्या नावाखालची पट्टी लाल झाली होती. पूर्वी ती निळी असायची. कधी लाल झाली ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि आता कॉम्प्युटरकडे पाहिलं की दुसरं काही दिसत नव्हतं.

डिस्क एकच होती, पण नऊ वर्षांपूर्वी कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या माणसाने तिचे दोन भाग केले होते. सीमध्ये कॉम्प्युटर चालवणाऱ्या सगळ्या गोष्टी आणि हातातलं काम, डीमध्ये झालेले फोटो. सीला त्याने शंभर जीबी दिले, उरलेलं सगळं डीला. तेव्हा ते पुष्कळ वाटलं होतं. आता सीमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती आणि पलीकडे डीमध्ये दोनशेहून जास्त जीबी मोकळे पडले होते. डीमध्ये काय होतं हे भवानी पेठेत कुणालाही विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. अब्बांनी, म्हणजे इमामसाबांनी, फिल्मचा कॅमेरा सोडून डिजिटल घेतल्यापासूनची सगळी लग्नं, बारशी, उद्घाटनं, शाळांचे गट-फोटो, आणि हजारो पासपोर्ट फोटो. दुकान बंद करून घराच्या पुढच्या खोलीत काम आणल्यावरही लोक येतच राहिले. करोनाच्या दोन वर्षांत तर बहुतेक जण एकाच कामासाठी येत. दारातूनच गेलेल्या माणसाचं नाव सांगत, साल आठवायचा प्रयत्न करत, आणि ती शोधून देई. घरात दुसरा फोटोच नसे. आधार कार्डावर असतो त्याला काय फोटो म्हणायचं. मग ती त्या पासपोर्ट फोटोतल्या माणसाला मोठं करी, गळ्याजवळची सुरकुती तशीच ठेवी, आणि फ्रेमच्या मापात छापून देई. नेणारे तिथेच उभे राहून बघत. कुणी कुणी म्हणे, हे असेच बघायचे.

डिस्क उडाली तर, हा विचार तिला नवा नव्हता. तिच्याकडे बाहेरून जोडायची एक डिस्क होती, तिच्यावर तिने सगळं उतरवून ठेवलं होतं, पण ती दोन हजार एकोणीसमध्येच भरली. त्यानंतरचे दीडशे जीबी फक्त डीवर होते. म्हणजे तीच ती दोन वर्षं. मोठी डिस्क मागवायला ती मंगळवारी नव्या पेठेत जाऊन आली. दुकानदार म्हणाला, शनिवारी येईल. चार दिवस. चार दिवस थांबायला काहीच हरकत नव्हती. एका शाळेची चारशे ओळखपत्रं करून द्यायची होती, पण शाळा जूनमध्ये उघडणार होती. मागाहून तिने स्वतःला पुष्कळदा विचारलं की आपण का थांबलो नाही, आणि दर वेळी तिला ती लाल पट्टीच आठवली. घरात कुठेतरी नळ ठिबकत असावा तशी ती दिवसभर चालू असायची. जेवताना, कपडे वाळत घालताना, अब्बांच्या डोळ्यांत थेंब घालताना.

शिवाय पहिली पायरी फार सोपी निघाली. डी आक्रसायचा, आणि सुटलेली जागा सीला द्यायची. मंगळवारी दुपारी तिने डिस्क तपासून घेतली, दोष नव्हता. मग डीमधून शंभर जीबी कमी करायला सांगितलं आणि दोन मिनिटांत ते झालं, खरोखर दोन मिनिटांत. एकही फोटो हलला नाही. तिला इतकं हलकं वाटलं की तिने चहा टाकला. पण परत येऊन सी वाढवायला गेली तर ते बटण फिकं पडलेलं, दाबलंच जात नव्हतं. सुटलेली जागा डीच्या पलीकडच्या टोकाला पडली होती आणि सी अलीकडे. मध्ये अख्खा डी. ती जागा सीच्या शेजारी यायची तर डीला उचलून पलीकडे सरकवावं लागणार होतं. सगळे फोटो, एकेक कण, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर होतं. ते तिने पेन ड्राइव्हवर घेतलं. त्यात सुरुवातीलाच लिहिलं होतं की आधी सगळ्याची नक्कल करून ठेवा, आणि काम चालू असताना वीज जाऊ देऊ नका. वीज गेली तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे, आणि कुठलं काय ते सांगायला कुणीच उरणार नाही.

बुधवारी सकाळी तिने फोनवर पाहिलं, भवानी पेठेत वीज बंद ठेवण्याची सूचना नव्हती. यूपीएसची बॅटरी तिने आदल्या दिवशी घड्याळ लावून तपासली होती, अठरा मिनिटं टिकली. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तिने टेबलफॅन आत वारा जाईल असा ठेवला, कारण मे महिना होता आणि साडेआठलाच पत्रा तापायला लागला होता. अब्बा दारापाशी खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांना तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते एवढंच म्हणाले असते की शनिवारी कर की, आणि ते बरोबर असतं. तिने बटण दाबलं. पडद्यावर शून्य टक्के आलं.

 चौदा वर्षांपूर्वी असंच एक बटण तिने दाबलं होतं. लग्न मोडून हैदराबादहून परत येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. अम्मी तिला काही बोलत नसे, पण ताटात वाढताना बोलत नाही हे कळेल अशा रीतीने वाढी. आपण घरात उपयोगाच्या आहोत हे दाखवायची तिला घाई झाली होती. अब्बांना त्या वेळी माऊससुद्धा धड धरता येत नसे. ते फोटो काढत आणि ती उतरवून घेई, नीट करी. कॉम्प्युटर सारखा अडकायला लागला तेव्हा तिने कुणालाही न विचारता तो पुसून पुन्हा भरायला घेतला. पडद्यावर डिस्कच्या भागांची यादी आली. भाग एक, भाग दोन. नावं नव्हती, मापं जवळजवळ सारखी. तिने एक निवडला. तीन महिन्यांचं काम गेलं. चार घरची लग्नं.

 दुसऱ्या दिवशी अब्बा टोपी घालून बाहेर पडले आणि दोन दिवस घरोघर फिरले. चौथं घर समोरचंच होतं, गुरम्माचं. तिच्या मुलीचं, राजनंदिनीचं, लग्न होतं ते. हुस्नाने खिडकीच्या जाळीतून पाहिलं. अब्बा उंबऱ्याबाहेर उभे होते, टोपी काढून हातात धरलेली. एरवी ते बाहेर डोक्यावरची टोपी काढत नसत. गुरम्मा दाराला टेकून ऐकत होती. किती वेळ ते बोलत होते. इतका वेळ काय बोलत असतील? माझ्या हातून झालं, एवढंच तर सांगायचं होतं. प्रत्येक घरी त्यांनी तेच सांगितलं, माझ्या हातून झालं, हे तिला मागाहून इकडून तिकडून कळलं. ते परत आले, टोपी खुंटीला लावली, पाणी मागितलं. तिने पाणी दिलं. त्यानंतर ती समोरचा उंबरा चढली नाही. ईदेला शीरखुर्मा द्यायला अम्मी जायची, अम्मी गेल्यावर अब्बा जायचे. गुरम्मा रस्त्यात भेटली तर काय ग हुस्ना म्हणायची आणि ती मान हलवून पुढे व्हायची. चौदा वर्षं एक बारा फुटी बोळ तिने असा सांभाळला होता की त्याचीही सवय झाली होती.

अकरा वाजता पडद्यावर चौतीस टक्के होते. साडेबाराला बावन्न. ती सारखी येऊन बघे आणि आकडा बदलेपर्यंत हलत नसे. स्वयंपाकघरात गेली की तिथून डिस्कचा आवाज ऐकायचा प्रयत्न करी, पण बोळाच्या टोकाला विजेवरचे माग चालत होते. त्यांच्या खडखडाटात दुसरं काही ऐकू येत नसे. त्या आवाजात ती जन्मली होती, तो तिला एरवी ऐकूच येत नसे. अब्बा जेवले, आडवे झाले, उठून पुन्हा खुर्चीत बसले. एकदा त्यांनी विचारलं, आज काम न्हाय का कॉम्प्युटरवर? ती म्हणाली, चालू आहे, आपोआप होतंय. ते बरं म्हणाले.

दीड वाजून गेला होता. एकसष्ट टक्के. ती पडद्याकडेच बघत होती, त्यामुळे काय झालं ते तिला पटकन कळलं नाही. आकडा तसाच होता, पडदा तसाच होता. फक्त एकदम शांत झालं. माग थांबले होते, सगळे एकाच वेळी. टेबलफॅनची पाती हळू होत दिसायला लागली. मग यूपीएस वाजला.

पहिल्यांदा तिने पडदा बंद केला. पडदा बॅटरी खातो हे तिला माहीत होतं. तो बंद ठेवला तर अठराची पंचवीस मिनिटं होतील. पण पडदा काळा झाल्यावर आत काय चाललंय हे कळायचा मार्गच उरला नाही. कॅबिनेटवरचा लहान लाल दिवा तेवढा फडफडत होता. तिने उघड्या बाजूने कान नेला. आत डिस्क किरकिरत होती, भिंतीत किडा असावा तशी. थांबायचं बटण होतं, पण मध्येच थांबवू नका असंही लिहिलेलं होतं. तिच्या पाठीवरून घाम खाली गेला. त्या दोन वर्षांतली माणसं आत्ता नेमकी कुठे असतील, पोचली असतील का, की अजून या बाजूला असतील? तिला एका बाईचा चेहरा आठवला, नाव आठवेना. ती दर अर्ध्या मिनिटाला यूपीएसचा आवाज मोजू लागली आणि मोजताना चुकली.

अब्बा दारातून उठून मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी उघडं कॅबिनेट पाहिलं, बंद पडदा पाहिला. तिने त्यांना थोडक्यात सांगितलं. सांगताना तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. ते ऐकून घेत होते.

“कॉपी हाय?” त्यांनी विचारलं.

“एकोणीसपर्यंतची आहे.”

“आन् म्होरची?”

तिने कॅबिनेटकडे बोट दाखवलं. त्यांनी ते समजून घेतलं, आणि वळून खुंटीवरची टोपी काढली. गुरम्माकडं इन्व्हर्टर हाय, ते म्हणाले, मी जाऊन येतो. चपला शोधायला ते वाकले. त्यांची पाठ तिला दिसली, सदऱ्याखालची हाडं.

“तुम्ही बसा, अब्बा,” ती म्हणाली. “मी जाते.”

बोळातल्या उन्हाने तिचे डोळे मिटले. गुरम्मा पुढच्या खोलीत खाली बसून टॉवेलांचे सुटे धागे कातरत होती, शेजारी पन्नास-साठ टॉवेलांचा ढीग. वर पंखा फिरत होता. इन्व्हर्टरचा. सत्तावन्न-अठ्ठावन्नची बाई, केस अजून काळे. हुस्नाला दारात बघून तिची कात्री थांबली. हुस्नाने काय हवं ते सांगितलं. लांब वायर हवी, इन्व्हर्टरवरचा एक पॉइंट हवा, किती वेळ ते माहीत नाही. आणि हे बोलून झाल्यावर, मिनिटं जात होती तरी, तिला पुढे पाऊल टाकता येईना. घ्यायच्या आधी सांगायला हवं होतं.

“मावशी, राजनंदिनीच्या लग्नाचे फोटो माझ्या हातून गेले होते. अब्बांच्या नाही. अब्बा खोटं बोलले.”

गुरम्माने हातातला धागा कातरला आणि टॉवेल ढिगावर ठेवला.

“ते मागनं बोलू की,” ती म्हणाली. “आदी वायर घे.”

तिने स्वतः उठून कपाटामागून वायरचं भेंडोळं काढलं, आणि इन्व्हर्टरवर भार नको म्हणून घरातले दोन्ही पंखे बंद केले. बेचाळीस डिग्रीत. हुस्ना वायर सोडत सोडत बोळ ओलांडून घरात आली. यूपीएसची पिन भिंतीतून उपटली; क्षणभर तिला वाटलं आपण चूक केली, पण आता बॅटरीच तर चालवत होती. तिने पिन वायरच्या डब्यात घातली. यूपीएसमध्ये टक् झालं. आवाज थांबला. लाल दिवा फडफडतच होता.

वायर बोळात आडवी पडली होती. तिच्यावरून गाड्या जाऊन पिन निसटली असती, म्हणून अब्बा डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बोळात जाऊन उभे राहिले. हुस्नाने त्यांना आत बोलावलं, ते आले नाहीत. मोटारसायकलवाल्यांना ते हात दाखवून उतरायला लावत आणि वायर उचलून धरत. माणूस खालून गाडी ढकलत नेई. सुताची गाठोडी भरलेला एक टेम्पो आला, तो मात्र वायरीखालून जाईना. त्याला त्यांनी थांबवूनच ठेवलं. ड्रायव्हर ओरडला, मग उतरून कशासाठी म्हणून विचारू लागला. अब्बांनी त्याला काय सांगितलं ते हुस्नाला ऐकू आलं नाही, पण तो जाऊन सावलीत बसला. ती आत कॅबिनेटशेजारी फरशीवर बसली होती. पडदा तिने सुरू केला नाही. आता केला असता तरी चाललं असतं. पण आकडा एकसष्टवरच असेल तर? ती दिव्याकडे बघत राहिली. एक तास दहा मिनिटं. मग बोळाच्या टोकाला आधी एक माग खडखडला, मग दुसरा, आणि मग सगळे. टेम्पो निघून गेला.

सव्वापाचला काम संपलं. तिने पडदा लावला तेव्हा त्यावर आकडा नव्हताच, झालं एवढाच शब्द होता. कॉम्प्युटर पुन्हा सुरू होताना ती उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. सीची पट्टी निळी होती, अर्धी रिकामी. तिकडे तिने नीट पाहिलंही नाही. डी उघडला. वीसचं फोल्डर, त्यातला एप्रिल, त्यातला कुठलाही एक. एक म्हातारा डोळे किंचित बारीक करून तिच्याकडे बघत होता. तिने पुढचा उघडला. मग एकवीस. मग अठरा, मग अकरा, मग पुन्हा वीस. प्रत्येक उघडत होता. पण लाखाच्या वर फोटो होते, ती शंभर बघेल, दोनशे बघेल. उरलेल्यांपैकी एखादा अर्धा राखाडी झालेला असेल तर तो ज्याचा असेल तो येईपर्यंत कळणार नाही. हे तिला आत्ताच कळलं होतं आणि कळल्यावरही ती एकेक उघडत होती.

अब्बा असरच्या नमाजाला गेले होते. वायर न्यायला गुरम्मा आली. हुस्नाने तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. झालं का, म्हणून तिने विचारलं, झालं म्हटल्यावर मान हलवली आणि कोपरापासून तळव्यापर्यंत वायर गुंडाळायला लागली. हुस्नाने मघाचं पुन्हा सुरू केलं. अब्बांनी माझ्यासाठी तुमच्या दारात टोपी काढली, ती म्हणाली, मी खिडकीतून बघितलं होतं.

गुरम्मा गुंडाळायची थांबली नाही.

“तुज्या हातनं गेलं ते आमाला तवाच ठावं हुतं. इमामभाऊला कुटं येत हुतं कॉम्प्युटर? पण ते त्या दिशी राजीच्या फोटूचं दोनच शब्द बोलले. बाकीचं माज्या लग्नाचं सांगत हुते.”

हुस्नाला कळलं नाही. मग गुरम्माने सांगितलं. शहाऐंशी साली तिचं आणि प्रभुलिंगचं लग्न झालं, त्याचे फोटो इमामसाबांनीच काढले होते, तेव्हा ते नवे होते धंद्यात. फोटो आलेच नाहीत. पुण्याच्या लॅबने रोल खराब केला असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांनी लॅबला शिव्या दिल्या. तिच्या सासऱ्याने तर लॅबला पत्र लिहवलं होतं. आणि पंचवीस वर्षांनी ते दारात येऊन उभे राहिले, टोपी काढली, म्हणाले, लॅबनं न्हाय, मी केलं. रोल मी खराब केला आन् दुसऱ्यावर ढकललं.

“मी म्हनलं, आता कशाला सांगतायसा. तर म्हनले, आज सांगायचं जमतंय तर सांगून घेतो,” गुरम्मा म्हणाली. वायरचं भेंडोळं तिने दंडावर चढवलं आणि पदर सारखा केला. “तुला न्हाय सांगितलं त्यांनी? मला वाटलं तुला ठावं हाय. म्हनून येत न्हाईस म्हनून.”

ती गेल्यावर हुस्ना बराच वेळ बाकावरच बसून राहिली. चौदा वर्षं तिने जी गोष्ट स्वतःच्या नावावर धरली होती तिच्यात तिच्या चुकीचे दोनच शब्द होते. तिला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी आपलं काहीतरी कुणीतरी उचलून नेलं असं वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली. पडद्यावर तो वीस सालातला म्हातारा तसाच उघडा होता.

अब्बा आले. उन्हाने त्यांचं कपाळ लाल झालं होतं. तिने त्यांना चहा दिला आणि समोर बसली. ते बशीत ओतून फुंकर घालत होते. सगळं हाय का, त्यांनी विचारलं. आहे असं वाटतंय, ती म्हणाली. शनिवारी डिस्क आन मग, ते म्हणाले. विचारायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि मग तिने विचारलं.

“शहाऐंशी सालचा तो रोल. काय झालं होतं त्याला?”

त्यांनी बशी खाली ठेवली. कुणी सांगितलं हे विचारलं नाही. 

“छत्तीस फोटूचा रोल असायचा,” ते म्हणाले. “छत्तीस झाले हुते. पण कवा कवा सदतिसावा पण बसायचा. म्हनून मी फिल्म म्होरं सरकवायची चावी वढली. ती अडकली. मला वाटलं रोल गुंडाळला गेलाय, म्हनून मागचं झाकण उगडलं. भर मांडवात, उजेडात. उजेड लागला आन् समदे छत्तीस गेले.”

“छत्तीस तर झाले होते,” हुस्ना म्हणाली.

“झाले हुते की.” त्यांनी बशी पुन्हा उचलली, पण प्यायले नाहीत. “गुरम्मा सकाळपासनं मान खाली घालून हुती. अठरा वर्साची पोर. छत्तिसातल्या एकात बी तिनं वर बघितलं न्हाय. आन् रोल सपल्यावर कुणीतरी कायतरी म्हनलं, आन् ती हसली.”